गणिताचा शेरा

प्रति,
माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे



दहावीचा निकाल जाहीर होणे आणि अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरला जाणे यांच्या दरम्यान जे थोडे दिवस जातात, त्या दिवसांत सोलापूरच्या घराघरांतून, मग ते घर सात रस्त्याच्या बाजूचे असो, पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटाला खेटून उभे असलेले असो, की मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील एखाद्या वस्तीवरचे असो, एकच प्रश्न मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांतून विचारला जातो. तो असा की, पुढे गणित ठेवायचे की सोडायचे. प्रश्न घरगुती दिसतो, आणि त्याचा निकालही घरातच, बहुधा रात्रीच्या जेवणाच्या वेळी, लागतो. परंतु ज्या पर्यायांतून निवड करावयाची ते पर्याय आखण्याचा, त्यांना नावे देण्याचा आणि झालेल्या निवडीवर शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार आपल्या मंडळाकडे असल्यामुळे, या शहरात गणित शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक या नात्याने हे पत्र मी आपणांस लिहीत आहे, आणि त्यातील मजकूर पालकांच्याही नजरेखालून जावा अशी इच्छा असल्यामुळे ते उघडपणे लिहीत आहे.

वाणिज्य शाखेत हा प्रश्न ‘गणित की एस. पी.’ अशा रूपाने येतो. एस. पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. कंपन्यांचा पत्रव्यवहार, सभा, भाग आणि कर्जरोखे यांचे ज्ञान देणारा हा विषय स्वतःच्या जागी उपयुक्त आहे, पण त्याच्याकडे वळणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी मुले चिटणीस होण्याच्या आकांक्षेने वळतात. बाकीची गणितापासून पळता पळता त्या आश्रयाला येऊन पोहोचतात. विज्ञान शाखेत तोच प्रश्न ‘ग्रुप’ या नावाने वावरतो: डॉक्टरकीची आशा असेल तर जीवशास्त्र, अभियांत्रिकीची असेल तर गणित, आणि आशेचा निर्णयच झालेला नसेल तर दोन्हींचे ओझे. कला शाखेत मात्र तो विचारलाच जात नाही. बारावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असे दोन्ही शाखांचे नाव सन्मानाने छापलेले असते, परंतु त्यांतील पहिल्या शब्दावर विसंबून कला शाखेत गणित मागणारा विद्यार्थी आला तर त्याला तो विषय शिकवणारा तासच वेळापत्रकात सापडू नये, अशीच बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांची स्थिती आहे. आणि ज्याला पुढे अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा भूगोल गंभीरपणे शिकायचा आहे त्याला संख्याशास्त्राची किती गरज पडते, हे पदव्युत्तर वर्गाची पायरी चढल्याशिवाय त्याला कोणी सांगत नाही.

या निवडीचा निर्णय कोण करतो, हेही आपल्या ध्यानी यावे. २०२५-२६ पासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया सबंध राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागली, आणि तेव्हापासून मोहोळ-माढ्याकडचा मुलगाही महा-ई-सेवा केंद्रात बसून दहा महाविद्यालयांची नावे पसंतीक्रमाने भरतो. महाविद्यालयाविषयी त्याला दहा वेळा विचारले जाते; गणिताविषयी त्याला एकदाही नीट विचारले जात नाही. तो निर्णय खाजगी शिकवणीच्या चालकाने घेतलेला असतो, किंवा पुण्यास नोकरीला असलेल्या एखाद्या काकाने, किंवा मुलगी असेल तर ‘तिला कशाला हवे एवढे’ असे म्हणणाऱ्या घरातल्या एकमुखी बहुमताने. आणि या सर्वांच्या बोलण्याच्या मुळाशी जी श्रद्धा असते ती एकच: गणित डोक्यात असावे लागते, ज्याच्या डोक्यात ते नाही त्याच्यापुढे इलाज नाही.

ही श्रद्धा महाराष्ट्रात विशेष बळकट असावी याला आमच्या इतिहासातील एक अभिमानाची गोष्टही थोडीशी जबाबदार आहे, असे मला वाटते. दापोली तालुक्यातील मुर्डीसारख्या लहानशा गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, तेव्हा या समाजाला इतका हर्ष झाला की ती परीक्षेतील श्रेणी त्यांच्या नावाआधी आम्ही कायमची जोडून टाकली. पुढे रँग्लर झालेल्या महाजनींच्या बाबतीतही तेच झाले. १९२१ मध्ये द्विदल राज्यपद्धती आली आणि मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते ज्यांच्याकडे सोपवण्यात आले ते हेच परांजपे होते, हे आज सांगितले तर तरुण शिक्षकांना नवल वाटते. परंतु ज्या समाजाने आपले रँग्लर देव्हाऱ्यात बसवले, त्याच समाजाने उरलेल्या मुलांना भक्तांच्या रांगेत उभे करून टाकले. गणित म्हणजे दर्शन घेण्याची वस्तू झाली, रोज हाताळण्याची राहिली नाही.

हाताळण्याची होती असा काळही होऊन गेला. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी सर्व मुलांकडून एका सुरात म्हणवून घेतली जात असे, आणि त्या सुरात वाण्याचा मुलगा आणि कुलकर्ण्याचा मुलगा असा भेद होत नसे. तो काळ फार चांगला होता असे म्हणण्याचा मोह मला होत नाही, कारण त्या शाळेच्या ओट्यापर्यंत ज्यांना येऊच दिले जात नव्हते अशांची संख्या आत बसलेल्यांहून किती तरी मोठी होती. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मण-शेर गेले, आणि औटकीचे कारणही संपले. शालान्त परीक्षेच्या जुन्या, अकरा वर्षांच्या रचनेत बीजगणित व भूमिती सोडून साध्या अंकगणितावर भागवण्याची मुभा होती, आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत मुलींचा भरणा होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांना गणित व विज्ञान सक्तीचे असावे अशी शिफारस केली. त्या धोरणास अनुसरून महाराष्ट्रात नवा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. गिरणी कामगाराच्या मुलीपुढे प्रमेय आणि वर्गसमीकरण प्रथमच अधिकाराने ठेवले गेले ते तेव्हा. या सक्तीने पाठांतर वाढवले, मार्गदर्शकांचा धंदा वाढवला, परीक्षाकेंद्रांच्या खिडक्यांशी नातलगांची गर्दी वाढवली, हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरीही त्या सक्तीनेच ज्यांना उचलले अशी माणसे आज या शहराच्या बँकांत, पाटबंधारे खात्यात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत बसलेली आहेत, हेही मी तितक्याच स्पष्टपणे पाहतो.

मग ‘सामान्य गणित’ आले. बीजगणित-भूमिती ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी सोपा पर्याय, अशी त्यामागील भूमिका होती आणि ती करुणेची होती. परंतु शाळेची प्रतिष्ठा, तिच्याकडे येणारे प्रवेश आणि प्रवेशांवर अवलंबून असलेल्या तुकड्या, ही सगळी गणना जेथे निकालाच्या शेकड्यावर चालते, तेथे नववीच्या आरंभीच काठावरची मुले हेरून त्यांना सामान्य गणिताच्या तुकडीत बसवण्याची युक्ती सुचायला फारसा वेळ लागत नाही. ज्या मुलाला बीजगणित जड जाते त्याच्यासाठी काढलेली सोय, ज्या शाळेला निकाल जड जातो तिच्या कामी येऊ लागली. पालकांकडून संमतिपत्रावर सही घेतली जाई. त्या सहीने आपल्या मुलापुढील विज्ञानाची वाट बंद होत आहे, हे सही करणाऱ्या विडी कामगार आईला समजावून सांगण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेई. २०१७-१८ मध्ये नववीचा आणि पुढील वर्षी दहावीचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा हा पर्याय मंडळाने काढून टाकला, आणि आता ‘गणित भाग १’ व ‘गणित भाग २’ यांच्या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि वीस अंतर्गत गुण, ही एकच वाट सर्वांसाठी राहिली. रद्द करताना काय चुकले याची चौकशी मात्र झाल्याचे ऐकिवात नाही. आणि आज दोन वाटांची भाषा पुन्हा सुरू झाली असता त्या चौकशीचे कागद हाताशी असते तर बरे झाले असते.

कारण ती भाषा सुरू झालेली आहे. २०१७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने, अध्ययन-अक्षम मुलांसंबंधीच्या एका याचिकेच्या सुनावणीत, गणित वैकल्पिक करता येईल काय याचा विचार करण्यास शिक्षण मंडळांस सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषय दोन पातळ्यांवर शिकवण्याची आणि तो आरंभ गणितापासून करण्याची कल्पना मांडली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातील जी तरतूद वर्तमानपत्रांतून गाजली ती अशी की, गणित अथवा विज्ञान यांत पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्यास पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर, गणित वा विज्ञान यांवर आधारलेल्या शिक्षणास तो पात्र नाही, अशा अर्थाचा शेरा मारावा. या तरतुदीवर जो गदारोळ झाला तो बहुतांशी वीस या आकड्यावर झाला. माझी हरकत वीस या आकड्याला नाही, शेऱ्याला आहे. ज्या मुलाचा एका विषयापायी सबंध वर्षाचा बळी जातो, आणि त्या वर्षात जो विटांच्या भट्टीवर किंवा हॉटेलच्या मोरीवर कायमचा जाऊन पडतो, त्याला पंधरा गुणांची सूट देण्यात गणिताचा अपमान होतो असे मला वाटत नाही. पण सोळाव्या वर्षी पडलेला शेरा सव्विसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीतही त्या कागदावर तसाच राहतो, आणि मधल्या दहा वर्षांत त्या मुलाने काय शिकून घेतले हे त्या शाईला ठाऊक नसते.

‘बीजगणिताचा पुढे काय उपयोग?’ हा प्रश्न विचारणारे पालक अडाणी असतात असे नाही. पाठ्यपुस्तकाने त्यांना उत्तर दिलेले नसते एवढेच. सोलापुरात मात्र ते उत्तर शोधण्यासाठी पुस्तकात जावे लागत नाही. उन्हाळा लागला की या जिल्ह्यातला प्रत्येक माणूस, शाळा पाहिलेला असो वा नसो, उजनी धरण किती टक्क्यांवर आहे हे विचारतो, आणि ‘उणे चाळीस’ असे उत्तर आले तर त्याला जराही चमत्कारिक वाटत नाही. धरणात पाणी ऋण कसे असेल, हा प्रश्न परजिल्ह्यातल्या पाहुण्याला पडतो. आमच्या शेतकऱ्याला ठाऊक असते की सुमारे ६३.६६ टीएमसी मृत साठ्याच्या माथ्यावर शून्याची रेघ मारलेली आहे आणि टक्केवारी मोजायची ती वरच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याची. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेले, तेव्हा ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे जवळजवळ ३२ टीएमसी मृत साठ्यातूनही उपसले गेले होते आणि तळाशी साडेएकतीसच्या आसपास उरले होते. ऋण संख्या, आरंभबिंदूची निवड आणि ‘कशाचे टक्के’ हा टक्केवारीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, या तिन्ही गोष्टी या एका वाक्यात आल्या. आणि या तिन्ही ठिकाणी माझे नववीचे विद्यार्थी फळ्यासमोर अडखळत, पण पारावर अडखळत नसत.

उसाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जो रास्त व किफायतशीर दर ठरवला तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. उतारा त्याहून दर दशांश टक्क्याने वाढला तर ३ रुपये ४६ पैसे अधिक, दर दशांश टक्क्याने उतरला तर तितकेच उणे, आणि साडेनऊ टक्के अथवा त्याखाली उतारा असला तरी दर ३२९ रुपये ५ पैसे याच्या खाली येणार नाही. ही सरळ रेषा आहे, अध्यक्षमहाराज. अमुक एका बिंदूतून जाणारी, अमुक एक चढ असलेली, आणि साडेनवाच्या डावीकडे आडवी झालेली. दहावीच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणाचा आलेख काढायला शिकवतात तो हाच. आणि माळशिरसच्या ज्या शेतकऱ्याच्या मुलाला ‘तुला शेतीच करायची आहे, बीजगणित घेऊन काय करशील’ असे सांगून सोप्या वाटेला लावले जाते, त्यालाच हा आलेख सगळ्यांत जास्त लागणार असतो, कारण कारखान्याने जाहीर केलेला उतारा दोन दशांशांनी कमी असेल तर आपल्या शंभर टनांवर, म्हणजे हजार क्विंटलांवर, ६,९२० रुपयांचा फरक पडतो, हे दुसरे कोणी त्याच्या वतीने मोजणार नाही.

यंत्रमागाकडे वळले तर तेथे गणित उघड्यावरच पडलेले असते. सुताचा काउंट म्हणजे एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लडी बसतात ती संख्या; म्हणून काउंट वाढला की सूत बारीक होते, आणि मास्तरने शिकवलेले व्यस्त प्रमाण मागावरच्या पोराला बोटांच्या चिमटीत समजते. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर चढवण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर काढतात. प्रत्येक चौकट म्हणजे उभा धागा वर की खाली एवढाच निर्णय, आणि त्या निर्णयांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पडतात. आज जे संगणकशास्त्र शिकण्यासाठी मुले पुण्याची वाट धरतात, त्याच्या पूर्वजांपैकी एक या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चादरी विणत आला आहे. परंतु नक्षी काढणाऱ्या कारागिराच्या मुलीने ‘मला गणित येत नाही’ असे म्हटले म्हणजे आम्ही ते लगेच खरे मानतो.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला तेव्हा लीलावती आणि बीजगणित असे दोन वेगळे भाग केले, हे मला ठाऊक आहे. एखादा युक्तिवादपटू तेथूनच दोन वाटांचे समर्थन काढील. परंतु लीलावतीत व्याज आहे, मिश्रण आहे, धान्याच्या राशी आहेत, क्षेत्रफळे आहेत, आणि शेवटाकडे अनिश्चित समीकरणांचा कुट्टकही आहे. म्हणजे व्यवहाराच्या वाटेने निघालेला विद्यार्थी चालता चालता बीजाच्या उंबरठ्याशी आणून सोडलेला आहे. तेथील विभागणी क्रमाची होती. आमच्या दोन वाटा मात्र नववीच्या दाराशी फुटतात आणि पुन्हा कधी एकमेकींना भेटत नाहीत.

आणि न भेटण्याची किंमत पुष्कळ उशिरा कळते. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशपरीक्षेत दोनशे गुणांपैकी शंभर एकट्या गणिताचे असतात, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. परंतु राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेत, भूदलात जायचे असले तरी, गणिताची तीनशे गुणांची प्रश्नपत्रिका द्यावी लागते हे शारीरिक तयारीत गुंतलेल्या मुलाला फार उशिरा उमगते. वाणिज्य शाखेत एस. पी. घेऊन सुटलो असे मानणारी मुलगी सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेस बसते आणि तेथे गणित, तर्क व संख्याशास्त्र यांची शंभर गुणांची प्रश्नपत्रिका तिची वाट पाहत असते. बँकांच्या लेखी परीक्षेत, तलाठी भरतीत, पोलीस भरतीत, सगळीकडे अंकगणित आहे. सोलापूरच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलांना मी ओळखतो. सोळाशे मीटर धावणे त्यांना जमते, आणि लेखी परीक्षेतल्या शेकडेवारीपाशी ती थांबतात. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या काही शाखांसाठी बारावीचे गणित अनिवार्य न ठेवण्याची भूमिका घेतली, तेव्हा काही पालक हरखून गेले. दार उघडले खरे, पण आत गेल्यावर पहिल्याच सहामाहीत कलनशास्त्र शिकावे लागते, याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

एवढे लिहिल्यावर मी एकाच वाटेचा, म्हणजे आजच्या सक्तीचा, कैवारी आहे असा समज होईल. तो समज बरोबर नाही. अंकांचा क्रमच ज्यांच्या नजरेत स्थिर राहत नाही अशी मुले असतात, मी त्यांना शिकवलेले आहे, आणि खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची त्यांना दिलेली सवलत हा मंडळाच्या दफ्तरातील सर्वांत माणुसकीचा निर्णय आहे. त्यांच्याशिवाय आणखीही पुष्कळ मुले अशी असतात की ज्यांना पंधराव्या वर्षी प्रमेयाची सिद्धता निरर्थक वाटते आणि विसाव्या वर्षी, एखाद्या कामाच्या ओघात, तीच गोष्ट लख्ख दिसते. दोन पातळ्या असाव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. मला भांडावयाचे आहे ते त्या पातळ्यांमधील जिन्यासाठी.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचे ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन प्रकार केले. त्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे: पुस्तक एकच, अभ्यासक्रम एकच, वर्गात शिकवणे एकच, फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. आणि ‘बेसिक’ उत्तीर्ण झालेल्यास पुढे गणित घ्यावेसे वाटले तर पुरवणी परीक्षेत ‘स्टँडर्ड’ उत्तीर्ण होऊन परत येता यावे, अशी मूळ योजनेत सोय ठेवलेली होती. सिंगापूरने २०२४ पासून माध्यमिक शाळेतील मुलांचे सरसकट प्रवाह मोडून प्रत्येक विषयाच्या तीन पातळ्या केल्या, म्हणजे भाषेत मागे असलेला मुलगा गणितात वरच्या वर्गात बसू शकतो आणि प्रगती पाहून बदलूही शकतो. याच्या उलट अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१४ मध्ये, विषमता कमी करण्याच्या सद्धेतूने, आठवीतील बीजगणित काढून ते सर्वांना नववीतच शिकवावयाचे ठरवले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी ते बाहेर विकत घेऊन आपली मुले पुढे काढली, आणि २०२४ मध्ये ते आठवीत परत आणण्याचा ठराव शाळा-मंडळास करावा लागला. सरकारी शाळेने वाट अरुंद केली की श्रीमंताचा मुलगा थांबत नाही, हे जाणण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याची आवश्यकता नाही; सोलापूरहून शिकवण्यांच्या लातूरकडे जाणाऱ्या गाड्यांत जूनच्या महिन्यात कोण बसलेले असते ते पाहिले तरी पुरे.

म्हणून मंडळाने दोन पातळ्यांचा मसुदा करावयास घेतलाच, तर पाठ्यपुस्तक एकच ठेवावे, कारण वेगळे पुस्तक आले की वेगळी तुकडी येते, आणि वेगळी तुकडी आली की सर्वांत नवखा शिक्षक तिच्याकडे पाठवला जातो. पातळीची निवड नववीच्या आरंभी न होता दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना व्हावी. ज्यांनी खालची पातळी घेतली त्यांची संख्या निकालाच्या शेकड्यात शाळेला लाभदायक ठरू नये. त्यासाठी शाळानिहाय निकालात दोन्ही पातळ्यांचे आकडे स्वतंत्र छापावेत, म्हणजे शंभर टक्क्यांचा फलक लावणाऱ्या शाळेला त्या शंभरात वरच्या पातळीचे किती हेही लावावे लागेल. मंडळ जी पुरवणी परीक्षा घेते तीत वरच्या पातळीची प्रश्नपत्रिका, खालच्या पातळीवर उत्तीर्ण झालेल्या कोणालाही, त्या वर्षी किंवा पुढील कोणत्याही वर्षी, नाममात्र शुल्कात देता यावी. आणि ती उत्तीर्ण होताच जुना शेरा वगळून नवी गुणपत्रिका मिळावी, जुन्या कागदावर दुरुस्ती नको. यातील शेवटची गोष्ट लेखनिकी स्वरूपाची आहे असे आपल्या कार्यालयातून कोणी म्हणेल. माझ्या मते सगळ्या पत्रातील तीच महत्त्वाची आहे.

पालकांसाठी मात्र मसुद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एक काम याच उन्हाळ्यात होऊ शकते. गणित सोडल्यास कोणकोणते अभ्यासक्रम बंद होतात, कोणते उघडे राहतात, आणि कोणत्या परीक्षांत ते पुन्हा भेटते, याचे एक पानी पत्रक मंडळाने काढावे. अभिनंदनाचा मजकूर त्यात नको, मंत्रिमहोदयांचे छायाचित्र नको. ते मराठीत असावेच, पण आमच्या अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडे ते कन्नडमध्ये, पूर्व भागात तेलुगूमध्ये आणि उर्दू शाळांसाठी उर्दूत मिळावे, आणि दहावीच्या निकालापूर्वी प्रत्येक शाळेच्या फलकावर व प्रत्येक महा-ई-सेवा केंद्राच्या भिंतीवर ते चिकटलेले असावे. तर्जुम्याची अडचण पुढे केली जाऊ नये. या शहरात चारही भाषा जाणणारे निवृत्त शिक्षक आहेत, आणि ते मोबदला घेणार नाहीत याची हमी मी देतो. पत्रकाखाली मंडळाचा दूरध्वनी क्रमांक छापावा, आणि मे-जून महिन्यांत तो उचलण्यासाठी गणित जाणणारा एक मनुष्य तेथे नेमावा.

कळावे.

आपला विनम्र,
सोलापुरातील एक निवृत्त गणितशिक्षक